डिस्कवाला हँडीकॅम: फायनलाइज झाल्याशिवाय कपाटात ठेवू नका

गोव्यात पंधरा-वीस वर्षांमागे गल्फातून येणाऱ्या बॅगांमध्ये डिस्कवाला हँडीकॅम हमखास असायचा. त्यावर चवथ, बारसं, लग्न, देवळातलं उत्सवी नाटक असं सगळं टिपलं गेलं. आज ते कॅमेरे जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, आणि त्यांच्या डिस्का घरोघरी डब्यांत पडून आहेत. यातल्या बऱ्याच डिस्का फायनलाइज, म्हणजे आत काय आहे याची शेवटची नोंद लिहून बंद, केलेल्या नसतात, म्हणून कॉम्प्युटरला कोऱ्या दिसतात. ही पायरी कॅमेरा विकत घेण्याआधीच समजून घ्यायला हवी.

ही डिस्क 8 सेंटिमीटर व्यासाची आणि 1.4 जीबीची. सर्वांत चांगल्या दर्जावर साधारण 20 मिनिटं, मधल्यावर 30 आणि सर्वांत खालच्यावर 60 मिनिटं मावतात. खालचा दर्जा मी कुणालाच सुचवणार नाही. त्यात सेकंदाला 3 मेगाबिटच्या आसपास माहिती लिहिली जाते, त्यामुळे शिगम्यातलं रोमटामेळ (ढोल-ताशांसह नाचत जाणारी मिरवणूक) किंवा फुगडी टिपली की चित्राचे चौकोन सुटतात. हलतं चित्र असेल तर 20 मिनिटांचाच दर्जा ठेवा.

डिस्क निवडताना डीव्हीडी-आर घ्या. ती एकदाच लिहिता येते आणि जपून ठेवायला तीच बरी. डीव्हीडी-आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून सरावाला आणि कॅमेरा तपासायला ती एक जवळ असू द्या. तिच्यावर व्हिडिओ मोड की व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) मोड असं कॅमेरा विचारतो, तेव्हा व्हिडिओ मोड घ्या. व्हीआर मोडमध्ये कॅमेऱ्यातच काटछाट करता येते, पण टीव्हीखालचा साधा प्लेअर ती डिस्क बहुधा वाचत नाही. काही मॉडेलं याच छोट्या डिस्कवर एव्हीसीएचडी पद्धतीचं हाय डेफिनिशन चित्र लिहितात. अशी डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घालू नका, ती आतच अडकू शकते.

जुना कॅमेरा घ्यायला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात किंवा कुणाच्या घरी गेलात, तर आपली डीव्हीडी-आरडब्ल्यू बरोबर न्या. दोन मिनिटं रेकॉर्ड करा, थांबवा, तिथेच चालवून बघा, डिस्क बाहेर काढून पुन्हा घाला, मग चार्जर लावून फायनलाइज करा. नुसतं रेकॉर्डिंग जमणारा कॅमेरा पुरेसा नाही. लेसर थकला की पहिल्यांदा फायनलाइज करतानाच तो अडखळतो. पुढच्या भिंगातून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, असा कॅमेरा सोडून द्या. चार्जर मूळचाच आहे याची खात्री करा. बॅटरी बहुतेक मेलेलीच असते, ती वेगळी मिळू शकते.

कॅमेरा अमेरिकेतून आलेला असेल तर तो एनटीएससी असतो, गल्फातला पाल (या टीव्ही-चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती). आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे एनटीएससी कॅमेऱ्यात ट्यूबलाइटखालचं चित्र लुकलुकतं. शटर 1/100 करायची सोय असली तर ते बरंचसं थांबतं. सोय नसली तर मंडपात ट्यूबऐवजी पिवळ्या बल्बखाली उभं राहणं बरं.

आता नाटक. तीन अंकी उत्सवी नाटक साडेतीन तास चाललं, तर मधल्या दर्जावर किमान 7 डिस्का लागतात. डिस्क बदलायला मिनिटभर सहज जातं. कॅमेरा आधी शेवटचं लिहून घेतो, मग झाकण उघडतो, नवी डिस्क ओळखतो. म्हणून डिस्क संपायची वाट बघू नका. 25 मिनिटं झाली की पुढच्या पडद्याला किंवा गाणं संपताच बदला. ट्रायपॉड लाकडी रंगमंचाला टेकवू नका आणि स्पीकरच्या खोक्यापासून लांब ठेवा, कारण सततच्या हादऱ्यांनी लेखन तुटतं. डिस्क फिरण्याचा बारीक आवाज शांत प्रसंगात माइक पकडतो. तो टाळता येत नाही.

घरी आल्यावर चार्जर लावा आणि लगेच फायनलाइज करा. या पायरीत कॅमेरा डिस्कवरची अनुक्रमणिका आणि शेवटची सीमा लिहितो. ती लिहिली गेली नाही तर दुसऱ्या यंत्राला आत काय आहे हे कळतच नाही. नवल असं की, डिस्क जितकी कमी भरलेली, तितका जास्त वेळ लागतो, कारण डिस्कवर ठरावीक किमान भाग लिहिलेला असावाच लागतो आणि रिकामा भाग कॅमेरा भरून काढतो. मध्ये हलवू नका, वायर काढू नका. वीज जायची भीती असेल तर बॅटरीही भरलेली लावून ठेवा.

पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर येण्याआधीच कॅमेरा पिशवीत घालून ती बंद करा, बाहेर आल्यावर तासभर तसाच ठेवा, मगच चालू करा. नाहीतर लेसरच्या भिंगावर दव साचतं. कॅमेरा नेहमी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की ते मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवा आणि थंड झाल्यावर डब्यात घाला. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून कधीच नको. लेसरच्या भिंगाला बोट लावू नका, फक्त ब्लोअरने धूळ उडवा. डिस्कला कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो.

फायनलाइज झाली की त्याच आठवड्यात हार्ड डिस्कवर उतरवा. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह हवा, त्यात छोट्या डिस्कसाठी आतली गोल खाच असते. खाचेत सरकवायचा ड्राइव्ह वापरू नका. डिस्क अडकेल. डिस्कवरचा व्हिडिओ टीएस (VIDEO_TS) फोल्डर अख्खाच कॉपी करा. त्यातल्या व्हीओबी (चित्राच्या) फाइली कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी प्लेअर थेट चालवतो. चित्र इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींनी जोडलेलं असतं, म्हणून हलत्या कडांवर कंगव्यासारख्या रेषा दिसतात. व्हीएलसीत डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात.

आता डब्यातल्या जुन्या, कोऱ्या दिसणाऱ्या डिस्का. विंडोज 'फॉर्मॅट करायची का?' असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा. ज्या कॅमेऱ्यात ती लिहिली, तोच चालत असेल तर त्यात घालून फायनलाइज करा. तो बंद पडला असेल तर त्याच कंपनीचं, तशाच जातीच्या डिस्का वापरणारं दुसरं मॉडेल शोधा, अनेकदा चालतं. तेही नसेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर थेट डिस्कवरची माहिती वाचून चित्रफीत काढून देतं. सगळ्यांत आधी डीव्हीडी-आरडब्ल्यू उतरवून घ्या, कारण तीच कुणाच्याही चुकीने पुसली जाऊ शकते.