गंजातला थर्मोस्टॅट

"थर्मोस्टॅट काढूनच टाका भाऊ, नागपूरच्या उन्हात त्याचं कामच काय?"

हे मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

मे महिन्यात बुटीबोरीहून परतताना वर्धा रोडवर माझ्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. गाडी बाजूला घेऊन पाऊण तास नुसता बसून राहिलो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. दुसऱ्या दिवशी एका मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याचं सांगितलं, दुसऱ्याने वरचं वाक्य.

थर्मोस्टॅट मी काढला, पण तपासायला. दोन बोल्टांचं काम. कडेवर ८२ कोरलेलं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला लागला पाहिजे. आतल्या डबीतलं मेण वितळून फुगतं, दांडी रेटतं, झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग ती मिटवते. झडपेच्या फटीत शिवायचा दोरा अडकवून त्याला गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, तापत्या पाण्यात टांगला, बुडाला टेकू न देता. शेजारी थर्मामीटर. झडप उघडली की दोरा सुटून तो खाली पडतो, एवढीच परीक्षा.

८२ गेलं. ८८ गेलं. पडला तो ९६ ला, तोही अर्धवट उघडून.

झडपेच्या कडेला पांढरा थर होता. दोन वर्षं रेडिएटरमध्ये मी बोअरचं पाणी टाकत होतो, त्याचाच तो क्षार. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशने घासला. पुढच्या वेळी ८४ ला उघडला, फार बरं वाटलं! पण पाणी ६० पर्यंत उतरलं तरी झडप मिटेना. मेणाची डबी सीलबंद असते, घरी दुरुस्त होत नाही. घाट रोडवरून नवीन आणला आणि बसवण्याआधी तोही उकळला. ८२ ला दोरा सुटला.

आता त्या वाक्याबद्दल. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होते हे खरं, पण डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंतही उतरला होता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत हाच थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतं. उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते!

बसवताना थर्मोस्टॅटचं छोटं भोक वर ठेवा, हवा तिथून निघते. त्याचं गॅस्केट नवीनच घ्या. कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणारं द्रव) डिस्टिल्ड वॉटर.

त्या गंजावर आजीचं नाव कोरलेलं आहे. कूलंट विषारी, म्हणून तो आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. आईला विचारूनच घेतला होता. पान्यांच्या पेटीशेजारी, नाव दिसेल असा ठेवलाय.