कंपनीत एआय आणताना आमच्या आयटी विभागाचं काय झालं

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी आयटी सांभाळतो. आयटी म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते. आमची आयटी म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, सॅप (खरेदी, स्टोअर, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर), लॅपटॉप आणि दिवसभर वाजणारा फोन: 'अहो, प्रिंटर चालत नाहीये.'

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि लोकांनी आम्हाला न विचारताच ते वापरायला सुरुवात केली. फायरवॉलच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी कुठली साईट उघडली याच्या नोंदीत, सगळं दिसत होतं. पुढच्या वर्षी सॅमसंगची बातमी आली. त्यांच्या सेमीकंडक्टर विभागातल्या इंजिनिअरांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला होता, आणि मे २०२३मध्ये कंपनीनं असल्या टूल्सवर बंदी घातली. आमच्या डायरेक्टर साहेबांनी ती बातमी फॉरवर्ड केली, खाली एकच ओळ: 'आपणही बंद करा.' बंद केलं. मग लोक स्वतःच्या मोबाईलवर वापरू लागले, आणि पूर्वी निदान लॉगमध्ये दिसायचं ते दिसेनासं झालं. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानंही आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं कळवलं, तेव्हा तिथल्या आयटीवाल्यांची मला कीव आली. हाताशी दुसरं काही न देता नुसती बंदी घातली की ती कागदावरच राहते.

म्हणून आम्ही पैसे मोजून घ्यायच्या पर्यायाकडे वळलो. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट हा ऑफिसच्या मेल आणि फाईलींत शोधून उत्तरं देणारा एआय असिस्टंट १ नोव्हेंबर २०२३ला मोठ्या कंपन्यांसाठी खुला झाला. माणशी महिना ३० डॉलर, आणि घ्यायचे तर किमान ३०० परवाने. एवढे आमच्या बजेटात बसणं शक्यच नव्हतं. जानेवारी २०२४मध्ये ती अट निघाली आणि आमची फाईल हलली. फायनान्सच्या मॅडमनी विचारलं, "माणशी महिना अडीच हजार रुपये. हे वाचणार कुठून?" मी म्हटलं, "आधी थोड्या लोकांना देऊन बघू." तेवढ्यावर सही मिळाली.

खरी मजा इथून पुढे. हा असिस्टंट नवीन काही उघडत नाही. ज्याला जे बघायची परवानगी आहे, तेवढंच तो शोधून समोर ठेवतो. ऐकायला हे फार सुरक्षित वाटतं. पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लोकांना घरून फाईली दिसाव्यात म्हणून घाईघाईत किती फोल्डर 'एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल यूजर्स' या ग्रुपला, म्हणजे कंपनीतल्या झाडून सगळ्यांना, उघडून दिले गेले होते, याचा हिशोब कुणाकडेच नव्हता. इतकी वर्षं ते खपून गेलं, कारण कुठल्या कोपऱ्यात काय पडलंय हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

पायलटमधल्या, म्हणजे आधी ज्यांना देऊन बघितलं त्यांच्यातल्या, एका ज्युनिअर इंजिनिअरनं साधा प्रश्न विचारला: शिफ्ट बदलाचे नियम काय आहेत? उत्तर बरोबर आलं. खाली आधार म्हणून ज्या फाईली दाखवल्या होत्या, त्यात वेतनकराराच्या बोलणीसाठी मॅनेजमेंटनं केलेलं एक्सेल होतं. कुठपर्यंत ताणायचं आणि कुठे मान्य करायचं, त्या आकड्यांसकट. पोरगा सरळ म्हणून थेट आमच्याकडे आला. युनियनबरोबरची बोलणी पुढच्याच महिन्यात होती. एचआरचे सर खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून त्यांना आधी पाणी दिलं.

त्यानंतर पायलट थांबला आणि आमचं खरं काम सुरू झालं. प्रत्येक फोल्डर कुणाचा, हे विचारत विभागाविभागांत फिरायचं. 'पाटील साहेबांचा असेल.' पाटील साहेब केव्हाच रिटायर झालेले. 'मग क्वालिटीचा.' क्वालिटीवाले म्हणतात परचेसचा. फाईल हवी सगळ्यांना, जबाबदारी कुणालाच नको. शेवटी आम्ही नियम केला: ज्या फोल्डरला मालक सापडत नाही, तो आधी बंद. कुणी ओरडत आलं की तोच मालक. दोन दिवसांत बऱ्याच फोल्डरांना मालक मिळाले.

याच सुमारास हेल्पडेस्कसाठी चॅटबॉट आणायचं ठरलं. पासवर्ड, व्हीपीएन, आउटलुक असल्या तक्रारी त्यानं निस्तरायच्या. पहिल्या आठवड्यात तो आत्मविश्वासानं लोकांना आम्ही केव्हाच बंद केलेल्या व्हीपीएनची कृती सांगत होता, कारण ती पीडीएफ कुणी काढलीच नव्हती. लोक त्याला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. ते मात्र तो बऱ्यापैकी समजायचा, याचं मला कौतुक वाटलं. पण डिस्पॅचचा लेबल प्रिंटर अडला की आधी केबल काढून मग स्विच बंद करायचा, उलटं केलं तर सेटिंग उडतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते आमच्या एल-वनच्या, म्हणजे तक्रार आली की आधी धावणाऱ्या, मुलांच्या डोक्यात होतं. कंत्राटी मुलं, बहुतेक खेड, मंचरकडची. त्यांना बसवून आम्ही असं सगळं लिहून घेतलं. त्यांनी मन लावून लिहिलं, स्क्रीनशॉटसकट. बॉट सुधारला. तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) कमी झाली. आणि कंत्राटाचं नूतनीकरण आलं तेव्हा एजन्सीनं कमी माणसांचा दर दिला आणि वरून तो मंजूर झाला. फायनान्सच्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. एकाला मी परवानग्या तपासण्याच्या कामावर घेऊ शकलो, कारण ते काम आता कायमचं झालंय. बाकीच्यांसाठी माझ्याकडे जागा नव्हती. 'एआयमुळे नोकऱ्या जात नाहीत, फक्त बदलतात' असं कुणी सेमिनारमध्ये म्हणालं की मी चहा घ्यायला बाहेर जातो.

आता आमच्या खोलीतला फोन कमी वाजतो. मीटिंगा मात्र वाढल्यात. जून २०२५मध्ये 'इकोलीक' नावाची कोपायलटमधली त्रुटी जाहीर झाली: बाहेरून आलेल्या मेलमध्ये सूचना लपवल्या, तर वापरणाऱ्यानं काही क्लिक न करताही त्याच्याजवळची माहिती बाहेर जाऊ शकली असती. मायक्रोसॉफ्टनं ती बुजवली. पण तेव्हापासून असिस्टंटला कुठल्या मेलबॉक्सला हात लावू द्यायचा, हे दर तिमाहीला नव्यानं तपासतो. पूर्वी असल्या विषयावर वरचे लोक पाच मिनिटंही द्यायचे नाहीत.

सध्या अडलंय ते सॅपपाशी. स्टोअरमधला माल संपत आला की एआय एजंटनं स्वतःच खरेदीची मागणी टाकावी, अशी परचेसची इच्छा आहे. एजन्सीनं डेमो दिला, छान चालला. ऑडिटरनी मात्र विचारलं, "मागणी करणारा म्हणून नाव कुणाचं येणार?" परचेस म्हणतंय आयटीचं घाला. मी लेखी नकार कळवलाय. पुढची मीटिंग सोमवारी आहे.