उन्हाळ्याच्या नावावर

मे महिन्यातल्या एका दुपारी मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो, तेव्हा चिंगी खिडकीच्या कट्ट्याखाली येऊन उभी राहिली. तिने वर पाहिले, मागचे पाय आखडून अंदाज घेतला, पुन्हा वर पाहिले आणि उडीचा विचार आपल्या मनात कधी आलाच नव्हता अशा थाटात खाली बसून ती पंजा चाटू लागली.

मांजराचे म्हातारपण असे दबक्या पावलांनी येते. कुत्रे दुखले-खुपले की अंगाशी येऊन कण्हते. मांजर कपाटामागे जाऊन बसते. दहा-अकरा वर्षांनंतर ते वृद्धांत धरले जाते आणि १५ वर्षांचे मांजर म्हणजे पंच्याहत्तरीचे माणूस, असा पशुवैद्यकांचा ढोबळ हिशेब आहे. चिंगी त्या हिशेबात बसते. फक्त तिच्या तोंडावर सुरकुती नसल्याने कोणाला ते पटत नाही.

त्यात आमचे जळगाव. वय झाले की मांजराची मूत्रपिंडे थकतात, लघवी पातळ आणि पुष्कळ होते, म्हणून ते सारखे पाणी पिऊ लागते. पण जिथे पारा ४५ अंशांना टेकतो आणि माणसेच माठापासून हलत नाहीत, तिथे मांजराची तहान कोणाच्या डोळ्यांत भरणार? मूत्रपिंडांची जवळजवळ दोनतृतीयांश शक्ती संपेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसतही नाही. वजन उतरते, तेही उन्हाळ्याच्या नावावर खपते. रक्त तपासून घेतल्याखेरीज खरे कळत नाही, आणि आमच्या गल्लीत मांजराचे रक्त तपासायला नेतो म्हटले की लोक आधी हसतात, मग किती पैसे लागले ते विचारतात.

यावल तालुक्यातल्या माझ्या आजोळी हे कोणाला सांगून पटले नसते. धाब्याचे घर, आत ज्वारीच्या कणग्या आणि त्या कणग्यांवर झोपणारा एक थोराड बोका. तो घरातला नोकर होता, लाडका नव्हे. उंदीर मारायचे आणि सकाळी ताकात कुस्करलेली भाकरी खायची, एवढाच करार. पुढे त्याला उंदीर सापडेनासे झाले. हिवाळ्यात अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जात, तेव्हा तो धुराची पर्वा न करता आगीला इतका खेटून बसे की मिशा करपत. आम्ही पोरे त्याला उठवू लागलो की आजी म्हणायची, “त्याले हाकलू नको रे, बसू दे तठी.” त्याची शुश्रूषा म्हणतात ती एवढीच. एके दिवशी तो दिसला नाही, कोणी शोधले नाही, आणि पाडव्यापर्यंत कणगीवर दुसरे पिल्लू आले.

चिंगीची मात्र मी नखे कापतो. म्हाताऱ्या मांजराची नखे म्यानात नीट जात नाहीत. फरशीवरून चालताना टकटक वाजतात, जाड होतात आणि तशीच वाढू दिली तर वळून पंजाच्या गादीत रुततात. पंजा हलकेच दाबला की पिवळट, पापुद्रे सुटलेले नख बाहेर येते. आतली गुलाबी शीर सोडून टोक तेवढे कापायचे. पाठीवर तिची जीभ आता पोचत नाही, तिथले केसांचे गुंते मी विंचरतो आणि ती दुसरीकडे पाहत राहते. सांधे दुखतात म्हणून एका शेजाऱ्यांनी आपुलकीने पॅरासिटामोल सुचवले होते. माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते, हे त्यांना सांगताना माझा आवाज जरा चढलाच.

रात्री ती बोळकंडीत उभी राहून मोठ्याने ओरडते. नजर, कान, रक्तदाब, विसर, यांपैकी काहीही कारण असू शकते. डॉक्टरांनी तिथे रात्रभर बारीक दिवा ठेवायला सांगितले आणि मी तो लावला. विजेच्या बाबतीत आमचे नाना भारी काटेकोर. रात्री न्हाणीघराकडे जाताना हल्ली ते भिंत धरून चालतात, पण विचारले की “मले काय झालं?” एवढेच उत्तर मिळते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी दिव्याकडे बोट दाखवून हा कोणासाठी म्हणून विचारले.

मी म्हणालो, मांजरीसाठी.

“मग असू दे,” म्हणाले.