हार्नेसवरचे क्लिप जागेवर बसवताना

जुन्या हापूस कलमांची छाटणी आता आम्ही दोरावरूनच करतो. चाळीस-पन्नास वर्षांचं कलम उंच सुटलेलं असतं. मधल्या फांद्या काढून आत ऊन पोचवायचं, हीच पुनरुज्जीवनाची छाटणी, दापोलीचं कृषी विद्यापीठही हेच सांगतं. वर जाताना छोटा चेनसॉ आणि हातकरवत हार्नेसच्या, म्हणजे दोरावर लटकण्यासाठी कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या साजाच्या, कंबरपट्ट्यावरच्या क्लिपांना अडकवलेली असते. हे क्लिप जागेवर राहत नाहीत, हीच माझी डोकेदुखी होती.

जमिनीवर उभं असताना सगळं ठाकठीक दिसतं. दोरावर बसलं, मांड्या वर आल्या, की पट्टा पुढे कलतो आणि क्लिपही त्याच्याबरोबर फिरतो. पट्ट्याच्या ज्या खाचेतून तो ओवलेला असतो तिथे थोडी ढिलाई असतेच. त्यात तीन-चार किलोचा चेनसॉ लोंबत असला की क्लिपचं तोंड पाठीकडे वळतं, नाहीतर पट्ट्याखाली दडतं. मग एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने सॉ अडकवताना तो क्लिपच्या दारात शिरला की नुसता वर टेकला, हे कळत नाही. खाली फांद्या ओढणारे गडी उभे असतात. सॉ फिरला की तापलेला सायलेन्सर मांडीच्या पट्ट्याकडे येतो, ही आणखी एक भीती. नायलॉन साधारण २२० अंशांना वितळतं आणि चालून थांबलेला सायलेन्सर त्याहून गरम असू शकतो.

आमच्याकडचे माडावर चढणारे पाडेली पिढ्यान्‌पिढ्या कमरेच्या आकडीत कोयता ठेवत आले. आकडी दोरीने कमरेला घट्ट आवळलेली असते, म्हणून न बघता मागे हात नेला तरी कोयता बरोबर सापडतो. मला हार्नेसवर नेमकं हेच हवं होतं.

आधी चिकटपट्टी गुंडाळली. घाम आणि दमट हवा, दोन्हीपुढे ती टिकली नाही. वर डिंक पट्ट्याला चिकटून राहिला. शिवाय चिकटपट्टीखाली शिलाई उसवली तर दिसणार कशी? पट्टा दररोज डोळ्यांखालून घालायचा असतो, त्यामुळे तो झाकणारा कुठलाच उपाय मला नको. पट्ट्याला भोक पाडणं, टाके घालणं, गोंद लावणं हेही मी सरळ बाद केलं. ज्यावर जीव टांगलेला आहे, त्याची मोडतोड करायची नाही.

केबल टायने क्लिप छान आवळला गेला, पण फारच ताठ. दोन फांद्यांच्या बेचक्यातून अंग काढताना तो खुंटाला अडकला की सरकायलाच तयार नाही. शिवाय टायचं कापलेलं टोक ब्लेडसारखं धारदार असतं, पट्ट्यावर घासलं की धागे निघतात. ते नेलकटरने अगदी मुळाशी कापून बाहेरच्या बाजूला वळवावं. टाय काळाच घ्यावा, पांढरा उन्हात लवकर ठिसूळ होतो.

शेवटी जमलं ते सायकलच्या जुन्या ट्यूबने. ट्यूबच्या दोन बोटं रुंद रिंगा कापल्या. क्लिपच्या वरच्या भागाला खाचेपाशी एक केबल टाय, फार न आवळता. खालच्या भागावरून ट्यूबची रिंग, ती शेजारच्या अवजारांच्या फासाला ओढून अडकवलेली. वरचा टाय क्लिपला वळू देत नाही, आणि धक्का बसला की खालचं रबर ताणून परत जागेवर येतं. जागा म्हणाल तर कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. त्याहून पुढे आणलं तर बसल्यावर सॉ मांडीवर येतो.

वर जाण्याआधी घराजवळच्या रायवळ आंब्याच्या खालच्या फांदीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, हार्नेस घालून लटकलो. चेनसॉऐवजी तेवढ्याच वजनाची दगडांची पिशवी. पुढे वाकलो, आडवा झालो, गिरकी घेतली, डोळे मिटून पिशवी काढली आणि परत लावली. हाताला क्लिपचं दार दर वेळी त्याच जागी सापडायला लागलं, तेव्हाच खरा सॉ घेतला. तोही नुसत्या क्लिपवर कधीच नाही. सॉची स्वतःची दोरी हार्नेसला वेगळी बांधलेली असते, क्लिप फक्त ठेवण्यापुरता. अडकवण्याआधी इंजिन बंद, सायलेन्सर बाहेरच्या बाजूला.

चेनच्या तेलाने रबर फुगून सैल पडतं, म्हणून ट्यूबच्या दोन-चार रिंगा मी पिशवीत जादा ठेवतो. बोर्डो पेस्टचा डबा मात्र कमरेला नाहीच. कापलेल्या जागेवर पेस्ट लावावीच लागते, पण त्यातला मोरचूद आणि चुना ॲल्युमिनियमच्या कॅरॅबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या कडीला, खातो. डबा वेगळ्या दोरीने वर ओढून घ्यायचा आणि बाजूच्या फांदीला टांगायचा.