प्रकाश उर्फ प्रकाश डोमा

आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर प्रकाश नावाची तीन मुले होती आणि त्यांपैकी दोघांचे आडनावही एकच होते, त्यामुळे गुरुजी हाक मारताना वडिलांचे नाव जोडत असत. शाळेत तेवढ्याने भागत असे. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मात्र भागेना.

आपल्याकडे धान निघाले की दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते. होळीपर्यंतच्या या हंगामासाठी गावोगावची मंडळे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला येऊन नाट्यसंस्थांच्या कार्यालयांत तारखा ठरवतात, आणि नाटकाच्या विषयाआधी त्यांचा प्रश्न असतो, ‘‘कलाकार कोन कोन हायेत?’’ मी विनोदी भूमिका करीत होतो. दुसऱ्या एका संस्थेत अगदी माझ्याच नावाचा आणि आडनावाचा नट खलनायक रंगवीत असे व त्याचा बोलबाला मोठा होता. एका मंडळाने त्याच्यासाठी म्हणून आमचे नाटक ठरवले आणि पडदा वर गेल्यावर समोर मी आलो. लोक हसले, प्रयोगही रंगला, पण ठरलेल्या बिदागीतून मंडळाने रक्कम कापलीच. पुढच्या हंगामाची पत्रके छापण्यापूर्वी वेगळे नाव शोध, असे आमच्या निर्मात्यांनी मला बजावले.

नाव बदलण्यात नवे काहीच नव्हते. दाक्षिणात्य पडद्यावर शिवाजी गणेशन आधीच असल्यामुळे शिवाजीराव गायकवाड यांचे रजनीकांत झाले. आपल्या विदर्भातच पाहिले तर यावलीच्या माणिक इंगळे यांना सारा देश तुकडोजी महाराज म्हणून ओळखतो आणि नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी कविता लिहिल्या त्या ग्रेस या नावाने. दोघेही मूळचे माणिक, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. तुकडोजींना ते नाव त्यांच्या गुरूंनी दिले, रजनीकांत यांना दिग्दर्शकाने दिले. आपले नाव आपणच ठेवायचे म्हटले की मात्र फार अवघडल्यासारखे होते. मित्रांनी सुचवलेल्या ‘प्रकाशकुमार’ या नावाने मला माझेच हसू येई, आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावावा तर तसे आडनाव असलेली घरे गावात आधीच होती.

अशा वेळी मी शाळेत मराठीच्या सरांकडे गेलो. स्नेहसंमेलनात आम्हा मुलांची दंडार, म्हणजे आपल्याकडचे नाचगाण्याचे लोकनाट्य, त्यांनीच बसवली होती. कागदावर लिहून नेलेली नावे त्यांनी वाचलीसुद्धा नाहीत. ‘‘तुझं नाव लोक वाचणार नाहीत, रिक्षावरच्या भोंग्यातून ऐकणार आहेत,’’ असे म्हणून त्यांनी शाळेचा ध्वनिक्षेपक बाहेर काढायला लावला आणि शिपाईभाऊंना मैदानापलीकडच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर (बांधावर) उभे केले. मी एकेक नाव पुकारायचे आणि त्यांनी जे कानावर पडेल ते ओरडून सांगायचे, अशी ती परीक्षा होती. जोडाक्षरांची, भारदस्त नावे धुऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत नुसती घरघर होत. ‘प्रकाश’चाही शेवट वाऱ्यात विरून जाई. शेवटी मी सहज आजोबांचे नाव घेतले तेव्हा पलीकडून उत्तर आले, ‘‘डोमा! हे बराबर आयकू येते, गुर्जी!’’

आजोबा स्वतः दंडारीत नाचत असत. तरीही सरांनी मला आधी घरी जाऊन वडिलांना विचारण्यास सांगितले, कारण पत्रकावरून आडनाव जाणार होते आणि त्याची जागा त्यांच्या वडिलांचे नाव घेणार होते. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘जाहिरातवाला नुसता डोमा म्हणंल, का डोमाजी?’’ ‘जी’ लावला तर विनोदी नटाचे नाव फार वडीलधारे होईल, हे त्यांना पटवायला मला चहाचे दोन कप लागले.

नावाने काम मिळत गेले, परंतु कागदपत्रांची बाजू तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. रंगमंचापुरते नाव घेण्यासाठी राजपत्रात जाहिरात द्यावी लागत नाही. मात्र बँकेचे खाते, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला जुन्याच नावाने राहतो. वयाची 50 वर्षे ओलांडलेल्या कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला कलेचे पुरावे लागतात आणि माझ्याकडची सारी पत्रके ‘प्रकाश डोमा’ची होती. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. त्यासोबत शाळेच्या दाखल्याची प्रत जोडली, ती मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी काढून दिली. रंगभूमीवर येऊ पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच पत्रकावर ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे छापून घ्यावीत आणि ते पत्रक जपून ठेवावे.

या स्मरणिकेतील माजी विद्यार्थ्यांच्या यादीत माझ्या नावाचे आणखी काही जण असणारच. म्हणून माझे नाव दाखल्याप्रमाणे पूर्ण छापून पुढे ‘उर्फ प्रकाश डोमा’ असे जोडावे, अशी विनंती मी संपादक मंडळाला केली आहे.