गेडनचा दाखला: एमजीबीची खरी जन्मतारीख

माझी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, अॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली, कॅलिफोर्नियात वापरली गेली आणि जहाजाने परत इंग्लंडात आली. तिच्या अमेरिकन टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, वर्ष होतं 1967. अमेरिकेत ‘मॉडेल इयर’ लिहायची पद्धत आहे. 1966 च्या शेवटी कारखान्यातून निघालेली गाडीही तिथे सर्रास 1967 ची म्हणून विकली जायची. इंग्लंडात नोंदणी करताना मात्र गाडी बनली कधी, हे पुराव्यानिशी सांगावं लागतं. म्हणून कारखान्याच्या नोंदींचा दाखला काढला. तो भिंतीवर लावायचा कागद आहे असं बरेच जण समजतात. खरं तर गाडी घेण्याआधी, निदान रंगाला देण्याआधी, सगळ्यात पहिल्यांदा हाच कागद हातात हवा.

हा दाखला वॉरिकशायरमधल्या गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम देतं. एमजी, ऑस्टिन, मॉरिस, ट्रायम्फ, रोव्हर अशा अनेक कंपन्यांच्या जुन्या उत्पादन-नोंदवह्या तिथे आहेत. जॅग्वारचे दाखले वेगळीकडून, जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून मिळतात.

अर्ज साधा आहे. फॉर्म, शुल्क, मालकीच्या कागदाची प्रत आणि चासी नंबराच्या पाटीचा फोटो. वेळ खातो तो फोटो. पाटीवर साठ वर्षांचं तेल, रंग आणि काजळी बसलेली असते. तारेचा ब्रश चुकूनही लावू नका, उथळ ठसे कायमचे जातात. कापसावर रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसा आणि टॉर्च पाटीला जवळजवळ आडवा धरून फोटो काढा. तिरप्या उजेडात 1 आणि 7, 3 आणि 8 स्पष्ट वेगळे दिसतात. हे आकडे फॉर्मवर चुकले तर नोंद सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच गाडीची सापडते. पाटीवरचे रिव्हेटही बघून ठेवा. नवे चकचकीत रिव्हेट किंवा पाटीखालचे जादा भोक दिसलं, तर ती पाटी कधीतरी काढली गेली आहे.

नंबर नीट वाचता आला तर दाखला येण्याआधीच बरंच कळतं. जीएचएन3एल मध्ये जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाच्या आकाराचा गट, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, 3 ही मालिका आणि एल म्हणजे डावीकडे स्टिअरिंग. जीएचडी3 असेल तर ती बंद टपाची जीटी. इंजिनाचा नंबर ठोकळ्याच्या उजव्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पाटीवर असतो. 18जीबी म्हणजे पाच बेअरिंगचं इंजिन. ते ऑक्टोबर 1964 मध्ये आलं, त्यामुळे 1966 च्या गाडीला योग्य. पुढे यू असेल तर ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा टप्पा) नाही, आरयू असेल तर आहे. शेवटी एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. 1966 च्या गाडीत 18व्ही दिसलं तर इंजिन बदललंय हे नक्की, कारण ती मालिका 1971 पासूनची. 48जी ने सुरू होणारी पाटी म्हणजे कंपनीनेच दुरुस्त करून विकलेलं ‘गोल्ड सील’ बदली इंजिन. त्यात कमीपणा काही नाही. फक्त जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे मूळचंच इंजिन, असं लिहिलं असेल, तर ते खोटं आहे.

दाखला आला. चासी नंबर, इंजिन नंबर, बॉडी नंबर, रंग, आतल्या कातड्याचा रंग, बांधणीच्या तारखा, कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख, कुठे पाठवली, आणि कारखान्यात बसवलेल्या जोडण्या: वायर व्हील्स, हीटर, ऑइल कूलर, टोनो कव्हर (उघड्या गाडीच्या आसनांवरचं आच्छादन). बांधणी नोव्हेंबर 1966, रवानगी त्याच महिन्यात, उत्तर अमेरिकेकडे. रवानगीची तारीख आणि पहिल्या नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाड्या बंदरात आणि डीलरच्या आवारात महिनोन् महिने उभ्या असत. पहिल्या मालकाचं नाव मात्र एमजीच्या दाखल्यात शोधू नका. जॅग्वारच्या दाखल्यात, नोंद असेल तर, ते सापडतं.

मग दाखला हातात घेऊन गाडीपाशी बसलो. दाखल्यात रंग ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’, आणि गाडी लाल. हीटरची पेटी काढली. तिच्या मागच्या पत्र्यावर लाल रंगाचा फक्त उडता फवारा होता. बोटाएवढ्या जागेवर ओला 1200 चा पॉलिश पेपर फिरवला. लाल गेला, खालून सायीसारखा पिवळसर पांढरा निघाला, त्याखाली प्रायमर आणि मग पत्रा. डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या बिजागरीखाली आणि मागच्या ट्रिम पॅनेलच्या आत तोच पांढरा. चार ठिकाणी एकच उत्तर मिळालं तरच विश्वास ठेवा. दरवाजा किंवा बॉनेट दुसऱ्या गाडीचं असू शकतं, त्यामुळे त्यांचा पुरावा धरू नये.

बॉडी नंबरही जुळवून बघा. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीचे नवे सांगाडे बनवून विकले आहेत. अशा सांगाड्यावर चढवलेल्या गाडीत कारखान्याचा बॉडी नंबर जागेवर नसतो. सांगाडा नवा असणं वाईट नाही, उलट गंजाची कटकट वाचते. पण किंमत ठरवताना ते माहीत हवं. आणि हेही लक्षात घ्या की दाखला वहीतली नोंद सांगतो, तुमची गाडी कुणी येऊन तपासत नाही. नोंद आणि पत्रा जुळवण्याचं काम आपलंच.

दाखल्याचा पैशातला फायदा कस्टमपासून सुरू होतो. 30 वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली आणि रोजच्या वापरासाठी नसलेली गाडी कस्टमच्या 9705 या संग्राह्य वस्तूंच्या वर्गात आली तर जकात शून्य आणि व्हॅट 5 टक्के. नाहीतर 10 टक्के जकात आणि वर 20 टक्के व्हॅट. ‘मूळ स्थिती’ दाखवायला इंजिन नंबर जुळलेला दाखला फार उपयोगी पडतो, म्हणून तो गाडी जहाजावर चढण्याआधी मागवा. गाडी पोचल्यावर 14 दिवसांत नोव्हाची नोंद (गाडी देशात आल्याचं करखात्याला कळवणं), मग नोंदणीचा व्ही55/5 फॉर्म, आणि सोबत वयाचा पुरावा म्हणून हाच दाखला. तिकडे नंबरप्लेटच्या शेवटच्या अक्षरावरून वर्ष कळतं: 1966 चं डी, 1967 च्या सुरुवातीचं ई. टायटलवर विसंबून राहिलो असतो तर चुकीचं वर्ष गाडीला कायमचं चिकटलं असतं.

ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांना तर तारखेवर वर्षभराचा कर अवलंबून असतो. 1 जानेवारी 1986 च्या आधी बनलेल्या गाडीला 1 एप्रिल 2026 पासून रोड टॅक्स माफ. गाडी डिसेंबर 1985 मध्ये बनून फेब्रुवारी 1986 मध्ये नोंदली गेली असेल, तर बांधणीच्या तारखेचा कागद नसताना आणखी एक वर्ष कर भरावा लागतो.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, तिकडच्या गाड्यांना याचा उपयोग काय? 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला ‘व्हीए’ या व्हिंटेज मालिकेचा नंबर घेता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. गाडी तपासणीला जाते तेव्हा बांधणीचं वर्ष आणि मूळ इंजिनाचा नंबर दाखवणारा कागद जवळ असलेला बरा. जुन्या आरसी बुकात पुष्कळदा नोंदणीचं वर्षच बांधणीचं म्हणून लिहिलेलं असतं. मात्र पैसे भरण्याआधी एक बघा: गाडी इंग्लंडातून तयार आली होती की सुट्या भागांच्या पेट्यांतून येऊन इथे जोडली होती. पेट्यांतून आलेल्या गाडीची नोंद त्रोटक असते. पेट्या कधी रवाना झाल्या एवढं कळतं, पण रंग आणि इंजिन नंबर बहुधा नसतात. म्हणून अर्ज करण्याआधी चासी नंबर पाठवून नोंदीत काय काय आहे ते विचारून घ्या.