रेडिंग ते टेन्बी, मागे कॅरॅव्हॅन

वेल्समधल्या टेन्बीला कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढत न्यायची म्हटल्यावर मित्रांनी विचारलंच, "मोठी एसयूव्ही घेतलीस का?" छे, आमची रोजची ऑक्टेव्हियाच. गाडी साधारण १४०० किलोची. भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी असा ब्रिटनमधला शिरस्ता, म्हणजे ११९० किलोपर्यंत. आमची ११०० भरली. एवढ्याला इंजिन आरामात पुरतं. भानगड असते ती सामान कुठे ठेवता याची.

साताऱ्याहून आलेल्या बाबांनी तांदळाची पिशवी, कुकर, पाण्याचे कॅन पाहिले आणि म्हणाले, "अरे, मागं नको भरूस, उलाळंल गाडी." उभा जन्म बैलगाडी हाकलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? जड ते सगळं खाली, चाकांच्या वर ठेवलं. मग कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याचा टोबॉलवर, म्हणजे गाडीमागे ती अडकवायच्या गोळ्यावर, किती भार येतो ते काट्यावर पाहिलं : ७० किलो. कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा. फार कमी पडला, तर मागचं धूड वेगात डोलायला लागतं. हूक सुटलाच तर कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावणारी बारीक तारही अडकवली.

स्विंडनच्या पुढे, एम-फोर मोटरवेवर आम्ही ताशी ५५ मैलांवर असताना शेजारून एक भलीमोठी बस गेली. तिच्या वाऱ्याने आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. अशा वेळी पाय आपसूक ब्रेककडे धावतो. तो आवरायचा. अॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. उलटसुलट फिरवून सावरायला गेलात की झोके वाढतात. कॅरॅव्हॅन असताना मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन लेन असल्या की सगळ्यात उजवी आपल्याला बंद. मला ते बरंच वाटतं.

सेव्हर्न नदी ओलांडायला १९९६चा नवा पूल घेतला. त्याच्या कडेला वारा अडवणारे पडदे आहेत. १९६६चा जुना पूल जोराच्या वाऱ्यात बंदही ठेवतात. टोल २०१८ मध्येच गेला.

कार्मार्दननंतर रस्ते अरुंद होत गेले. कॅरॅव्हॅन लावायच्या साइटवर रिव्हर्सची परीक्षा : कॅरॅव्हॅनचं बूड डावीकडे हवं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे. बाबा मागे उभे राहून एसटीच्या कंडक्टरच्या थाटात, "येऊ दे, येऊ दे... बास!" आधी कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक, मग चाकांना ठोकळे, मगच हूक सोडायचा. बाबांनी ठोकळ्याला दोन लाथा घालून पाहिल्या आणि चहाचं काय झालं ते विचारलं.